नोएडाचा दत्तात्रय

अमुक माणूस अमुकच आहे हे सिद्ध करायला किती कागद लागतात, ते मला बत्तीस वर्षं तोंडपाठ होतं. कारण खिडकीच्या आत बसून ते मागणारा मीच होतो. सरकारी कचेरीतला हेडक्लार्क. समोर हाडामांसाचा माणूस उभा असताना त्याच्याकडे न बघता त्याच्या कागदाकडे बघायचं, ही आमची विद्या. सातबाऱ्यावर ‘सखूबाई’ आणि रेशनकार्डावर ‘सकुबाई’ असलेल्या एका म्हातारीला मी तीनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, “आरं लेकरा, मी हितं हुबी हाय न्हवं?” मी म्हणालो, “आजी, तुम्ही उभ्या आहात हे दिसतंय मला, पण तसा दाखला कुठाय?” हे वाक्य तेव्हा मला फारच चतुर वाटलं होतं. चहाच्या सुट्टीत चार टेबलांवर सांगून आलो होतो.

तिचा तळतळाट लागायला सतरा वर्षं गेली. सरकारी कामाच्या मानाने लवकरच म्हणायचं.

झालं असं की, वैशाखात आमचा फ्रीज गेला. गेला म्हणजे बंद पडला. चोरीला जे गेलं ते पुढे येतंय. सांगलीच्या उन्हाळ्यात एकवीस वर्षं राबून त्याने अखेर एक मोठा उसासा टाकला आणि आमरसाच्या पातेल्यासकट गार होण्याचं थांबवलं. आम्ही दोघं दुकानात गेलो. रोख पैसे देता आले असते, पण ‘बिनव्याजी हप्ते’ अशी पाटी दिसली की माझ्यासारख्या पेन्शनराच्या पायात बेडी पडते. दुसऱ्याच्या पैशावर आपलं पाणी गार करायचं, वर व्याज नाही! दुकानातल्या पोराने माझा पॅन नंबर कॉम्प्युटरात घातला, जरा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसा आवाज खाली आणून म्हणाला, “काका, तुमचा सिबिल बसत नाही.”

“किती आहे?”

“पाचशे सत्तेचाळीस.”

“कितीपैकी?”

“नऊशे.”

मी मनातल्या मनात भागाकार केला. साठ टक्के. “अरे, मग फर्स्ट क्लास आहे की!”

“काका, तो तीनशेपासून सुरू होतो.”

म्हणजे शाळेत नुसतं नाव घातलं तरी तीनशे मार्क मिळतात, आणि मला त्याच्यावर कशीबशी अडीचशेची भर घालता आली होती. “तुमचा एक फोनचा हप्ता थकलाय,” असं त्याने सांगितलं आणि मिक्सर बघायला आलेल्या दोन बायकांनी मिक्सर बघणं सोडलं. मी आयुष्यात एकच कर्ज काढलं, सोसायटीचं, घरासाठी. तेही मुदतीच्या दोन वर्षं आधी फेडून पेढे वाटले होते. हे सगळं मी दुकानात मोठ्याने सांगितलं. खरं बोलणारा माणूस जितक्या मोठ्याने बोलतो तितका तो खोटा वाटतो, हे खिडकीच्या आतून हजारदा पाहिलं होतं. बाहेरून पहिल्यांदाच पाहिलं.

लेक पुण्यात असते. तिने फोनवरून सूत्रं हातात घेतली. देशात आपल्या कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा आपला अहवाल आपल्याला फुकट दाखवायचा असतो, हे मला ती सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. फुकट असूनही मला ठाऊक नसलेली ही बहुधा जगातली एकमेव गोष्ट. तिने अहवाल काढून पाठवला, मी तो छापून आणला आणि आमच्या हिने चष्मा लावून वाचायला घेतला. दाते पंचांगानंतर इतकं मन लावून तिने काही वाचलेलं मी पाहिलं नव्हतं.

नाव माझं. जन्मतारीख माझी. पॅन माझा. खाली मोबाइल नंबर मात्र भलताच. आणि पत्त्यांच्या रकान्यात आमच्या घराखाली दुसरा पत्ता: नोएडा, सेक्टर अमुक, टॉवर तमुक, चौदावा मजला.

“नोएडाला कोण असतं?” हिने विचारलं.

“मला नोएडा नक्की कुठे आहे तेसुद्धा धड माहीत नाही.”

“मग चौदाव्या मजल्यावर फ्लॅट कसा?”

बत्तीस वर्षं नोकरी करून मी तळमजल्याच्या वर गेलो नाही, आणि हा माझ्या नावाचा इसम चौदाव्या मजल्यावर राहत होता. त्याने एकसष्ट हजारांचा फोन घेतला होता. माझा साडेआठ हजारांचा. डाव्या कोपऱ्यात तडा. बरं, त्याने पहिले दोन हप्ते वेळेवर भरलेही होते. खरं सांगतो, ते वाचून त्याच्याविषयी मला थोडा जिव्हाळा वाटला. माझ्या नावाचा इतका ऐसपैस उपयोग मला स्वतःला कधी सुचला नव्हता.

माझं नाव दत्तात्रय. (आडनाव इथे देत नाही. ते आधीच पुरेसं फिरून आलंय.) दत्ताला तीन शिरं असतात हे लहानपणापासून तसबिरीत पाहत आलो, मला निदान दोन तरी आहेत आणि त्यातलं एक उत्तर प्रदेशात आहे, हे साठी उलटल्यावर कळलं.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे एकाने ‘मीच तो भाऊ’ म्हणून बंड मांडलं. माणसं त्याच्या मागे गेली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी त्याला पुण्यात आणून चौकशी केली, तोतया ठरवला आणि १७७६ साली देहान्त शासन दिलं. पंधरा वर्षं पार्वतीबाई नवऱ्याची वाट बघत होत्या. हे सगळं मी हिला भारावून सांगितलं आणि विचारलं, “समजा, उद्या तो नोएडावाला दारात येऊन म्हणाला, मीच दत्तात्रय, तर तू काय करशील?”

“फ्रीज आणलाय का विचारीन,” ही म्हणाली.

आता माझं नाव बाहेर गेलं कसं? हा प्रश्न मला पुढे सगळ्यांनी विचारला, आणि दर वेळी मी ‘काय सांगावं, हल्ली हॅकर फार झालेत’ असं म्हणून वेळ मारून नेली. इथे खरं लिहितो. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. माझं आलं त्या दिवसापासून मी त्याच्या झेरॉक्स अक्षता वाटाव्यात तशा वाटल्या. लॉजवर दिली, सिमकार्डाला दिली, मंगल कार्यालयाला दिली, गॅसवाल्याला दिली, एका भिशीला दिली. कोणी एक मागितली तर दोन द्यायचो, ‘असू दे जवळ’ म्हणून. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तर मूळ कार्डच मशीनच्या झाकणाखाली विसरून यायचो. त्याच्याकडे विसरलेल्या कार्डांचा एक खास ड्रॉवर आहे. मी गेलो की न विचारता उघडतो.

आणि कळस म्हणजे गाणगापूरची सहल. गाडीवाल्याने ओळखपत्रं मागितली, तेव्हा मी आधार आणि पॅन दोन्हीचे फोटो काढून ‘श्री गुरुदेव यात्रा’ नावाच्या गटावर टाकले. गटात त्रेसष्ट माणसं. त्यातल्या एकोणीस जणांनी हात जोडले, चौघांनी अंगठा दाखवला आणि एका बाईंनी ‘फोटो छान आलाय’ असं लिहिलं. आधारवरच्या फोटोला छान म्हणणारी व्यक्ती संशयास्पद आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सरकारने सावध केलं नव्हतं असंही नाही. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सांगितलं, आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, द्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या. मी ते वाचून घाबरतो न घाबरतो तोच दोन दिवसांत दिल्लीहून ते पत्रक मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. नोकरीत असताना दोन दिवसांत मागे घेतलेलं परिपत्रक मी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांत वाचलेलंसुद्धा नाही. त्या वेगाने दिपून जाऊन मी भीती सोडली आणि झेरॉक्स वाटत राहिलो.

मग सुरू झाला मदतीचा शोध. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या: ‘खालील सही करणार हाच खरा दत्तात्रय असून नोएडावाल्याशी व्यवहार केल्यास तो आमच्यावर बंधनकारक राहणार नाही.’ मेहुणा म्हणाला, ते थकलेले हप्ते भरून मोकळे व्हा. म्हणजे फोन त्याचा, हप्ता माझा! जावयाने एक लिंक पाठवली. ती मी भीतीने उघडली नाही. नंतर कळलं, तेवढी एकच उघडण्यासारखी होती.

शेवटी ठरवलं, कर्ज ज्या अॅपने दिलं त्यांनाच फोन करू. अॅपचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर’ असं फोनवर शोधलं. सगळ्यात वर एक मोबाइल नंबर आला. लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

दुसऱ्या रिंगला! तिथेच मला शंका यायला हवी होती.

पण तो माणूस काय गोड बोलत होता म्हणून सांगू! “अंकलजी, आपके साथ बहुत बुरा हुआ,” असं म्हणाला. वैशाखापासून मी ही हकिकत बँकेत, दुकानात, भिशीत, नातेवाइकांत सांगत होतो, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता, बावीस मिनिटं कोणी ऐकून घेतली असेल तर ती याने. मध्येच फक्त “जी”, “ओहो”, “राम राम” एवढंच. सखूबाईचं मी कधी बावीस सेकंद ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मग म्हणाला, तुमची तक्रार नोंदवून घेतो, त्यासाठी एक छोटं अॅप टाका म्हणजे मला तुमचा पडदा दिसेल, आणि पडताळणीचे पाच रुपये पाठवा. पाचच रुपये! सरकारी फीसुद्धा यापेक्षा जास्त असते. मी अॅप टाकलं. पाच रुपये पाठवताना पिन दाबला, तो त्याने तिकडून पाहिला.

एवढ्यात ही चहा घेऊन आली. माझा चेहरा, भरलेले डोळे आणि फोनमधला तो मधाळ आवाज यांच्याकडे तिने एकदा पाहिलं. “तुमच्याशी इतकं गोड बोलतंय कोण?” असं म्हणत फोन हातातून काढून घेतला आणि बंद करून टाकला. सदतीस वर्षांच्या संसारातून आलेलं शहाणपण हे. तोवर अठरा हजार सहाशे गेले होते.

इथे एक कबुली द्यायची राहिली. त्याच महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात ‘शिकलेली माणसं फसतात कशी?’ या विषयावर माझं भाषण झालं होतं. नारळ आणि शाल मिळाली होती. विषयाचा प्रात्यक्षिक भाग तेवढा घरी झाला.

लेकीला फोन केला. ती आधी किंचाळली, मग म्हणाली, “बाबा, आत्ताच्या आत्ता १९३० लावा, वेळ घालवू नका.” हा नंबर लक्षात ठेवायला मला अडचण नाही, तो मिठाचा सत्याग्रह. आधारची मदत हवी असेल तर १९४७, ते स्वातंत्र्य. सरकारने सगळे नंबर इतिहासाच्या पुस्तकातून घेतले असते तर आमच्या पिढीचं भलं झालं असतं. १९३० वाल्या बाईंनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, बँक असं टपाटप विचारलं. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत ते जिथे असतील तिथेच गोठवायचे, असं ते तंत्र असतं. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. माझे अकरा हजार वाटेतल्या कुठल्यातरी खात्यात गोठले. आमच्या घरात त्या महिन्यात गोठलेली तेवढीच एक वस्तू.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या सायबर शाखेत गेलो. बरोबर अकरा पानी अर्ज. ‘विषयः माझ्या नावाचा अन्य इसमाने परस्पर वापर केलेबाबत. संदर्भः १ ते १४.’ टेबलामागे आमच्या लेकीच्या वयाची हवालदार मुलगी होती. तिने पानं चाळली आणि विचारलं, “काका, थोडक्यात सांगा. तक्रार एक आहे का दोन?”

“दोन. एक, माझ्या नावाने कोणीतरी कर्ज काढलं. दुसरी, त्याबद्दल मदत मागायला गेलो तर मदत करणाऱ्याने लुटलं.”

तिने पेन खाली ठेवलं, हसू गिळलं आणि पेन परत उचललं. या तिन्ही क्रिया तिने फार सभ्यपणे केल्या.

तिच्याकडून कळलं की माहिती तंत्रज्ञान कायद्यात यासाठी खास कलम आहे, ६६सी. दुसऱ्याची सही, पासवर्ड, ओळख लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. एक लाख! मी हिच्याकडे अभिमानाने पाहिलं. माझ्या नावाची एवढी किंमत पहिल्यांदाच कोणी छापील केली होती.

“घटनास्थळ काय लिहू?” मुलीने विचारलं.

मी विचारात पडलो. घर फोडलं तर घर लिहितात, पाकीट मारलं तर बसस्टँड. “माझं नाव,” मी म्हणालो. तिने ‘ऑनलाइन’ असं लिहिलं.

“नोएडाला कधी गेला होता का?”

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, “मी सांगते ना. हे एकटे कधी मिरजेच्या पलीकडे गेलेले नाहीत. जातानासुद्धा दोनदा फोन करतात.” माझ्या बाजूने दिलेली इतकी भक्कम आणि इतकी अपमानकारक साक्ष मी दुसरी ऐकली नाही.

तक्रारीची पोच घेऊन कर्जवाल्या अॅपला पत्र लिहिलं, हिशेब ठेवणाऱ्या कंपनीकडे हरकत नोंदवली. अॅपचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं: ‘प्रिय ग्राहक, आमच्या नोंदीनुसार कर्ज आपणच घेतले आहे.’ पुढे हप्त्याची तारीख आणि शुभेच्छा. पण लेक म्हणाली, थांबा बाबा, असली दुरुस्ती तीस दिवसांत झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे ऐकल्यापासून माझा दृष्टिकोन पार बदलला. दिवसाला शंभर म्हणजे महिन्याला तीन हजार. आठ-नऊ महिने त्यांनी झोपा काढल्या तर फ्रीज फुकट! मी कॅलेंडरवर खुणा करू लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझं काम अडकवून ठेवावं अशी प्रार्थना केली. मेल्यांनी एकोणतिसाव्या दिवशी उत्तर दिलं.

उत्तर असं की, तुम्ही तुम्हीच आहात याची व्हिडिओवर पडताळणी करू. ठरल्या वेळी मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसलो. पडद्यावर एक गोल आला. चेहरा गोलात आणा. डावीकडे बघा. उजवीकडे बघा. मग सूचना आली: पापण्या मिटा आणि उघडा.

मला एकदम दमयंती आठवली. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसले. पाच नळ एका रांगेत. खरा कोणता? देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगाला घाम नव्हता, पाय जमिनीला टेकत नव्हते. ज्याच्या पापण्या लवल्या आणि ज्याला घाम आला तो नळ. दमयंतीने जे केलं तेच हे अॅप करत होतं, फक्त माळ घालायच्या ऐवजी कर्ज घालत होतं. घाम मला भरपूर आला होता, पण घामाचा रकाना नव्हता. मी पापण्या मिटल्या. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ मिटल्या. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून माझी डावी पापणी जरा उशिरा पोहोचते. नोएडावाल्याची बहुधा वेळेवर पोहोचत असावी. पाचव्या खेपेला दोन्ही एकदम मिटल्या, आणि मी माणूस ठरलो.

पण तेवढ्याने काम होतं तर मग हेडक्लार्क कशाला जन्माला आले असते! समोर आलेल्या मुलाने माझे कागद पाहिले आणि म्हणाला, “सर, मिसमॅच आहे. पॅनवर तुमच्या नावाच्या शेवटी एक ‘ए’ जास्त आहे. आधारवर नाही.”

मी गप्प बसलो. खिडकीबाहेरच्या उन्हात सखूबाई उभी असल्यासारखी वाटली.

“पण मग त्याला कर्ज कसं दिलंत?”

“सर, त्यांच्या डॉक्युमेंटमध्ये दोन्ही नावं सेम होती.”

म्हणजे खोट्या आधारकार्डावर चोराने नाव पॅनबरहुकूम छापून घेतलं होतं, ‘ए’सकट. खोटा कागद खऱ्यापेक्षा नेहमीच बिनचूक असतो, हे मला तरी माहीत असायला हवं होतं. नोकरीत मी ज्या अर्जात एकही खोट काढू शकलो नव्हतो, त्यातले किती खरे होते देव जाणे. आणि गंमत बघा, पॅनमधलं चौथं अक्षर ‘पी’ म्हणजे ‘पर्सन’, व्यक्ती. पाचवं आडनावाचं आद्याक्षर. एवढं सगळं त्या दहा खुणांत कोंबलेलं. फक्त व्यक्ती कोणती, ते विचारायची सोय नाही.

‘ए’ची दुरुस्ती होईपर्यंत श्रावण आला. जुन्या फ्रीजमध्ये गॅस भरून घेतला होता. त्याचं दार मी पायजम्याच्या नाडीने बांधत होतो. हाताशी वेळ होता, म्हणून ठरवलं की आता आपलं नाव असं बंदोबस्तात ठेवायचं की वाराही लागू नये.

आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’वर दिसतं. एका माणसाला नऊ ठेवता येतात. माझ्या नावावर चार निघाली! आकडे मध्येच झाकलेले, चष्मा टीव्हीवर राहिलेला. एक माझं. बाकी तीन? नोएडा! मी तिन्हींपुढे ‘हा माझा नंबर नाही’ असं ठोकून दिलं आणि मिशीवर ताव दिला. काही दिवसांनी हिच्या फोनवर पडताळणीचा निरोप आला. असल्या निरोपांना भीक घालायची नाही, असं मीच तिला शिकवलं होतं. तिने इमानाने पुसून टाकला. आणि ऐन मंगळागौरीच्या दिवशी, पंधरा बायका पत्ता विचारायला फोन करत असताना, तिचा फोन मुका झाला. त्या तिनांतलं एक सिम तिचं होतं, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी मीच माझ्या नावावर घेऊन दिलेलं. दुसरं सासूबाईंचं. तिसरं कोणाचं ते अजून कळलेलं नाही. पण त्यानंतर मोलकरीण आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती.

तरी माझी खुमखुमी जिरली नाही. आधारवर बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात असं कळल्यावर मी ते केलं. हे चांगलं असतं, मी अजूनही सांगेन. फक्त कुलूप लावलंय हे लक्षात ठेवावं लागतं. नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला असतो. रांगेत दीड तास उभं राहून मी अंगठा ठेवला. मशीनने नाकारला. पुसून ठेवला, दुसरा ठेवला, तर्जनी ठेवली. मागचे एक सेवानिवृत्त तलाठी म्हणाले, “थुंकी लावा थोडी.” लावली. मशीन ढिम्म.

“काका, येत नाहीये तुमचं,” खिडकीतला मुलगा म्हणाला.

“अहो, पण मी इथे समोर उभा आहे!”

माझ्या तोंडून हे निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं. तो मुलगा काय म्हणतो, याची मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. तो म्हणाला, “बसा जरा काका, पाणी घ्या. कुलूप लावलेलं दिसतंय, फोन द्या इकडे, काढू आपण.” एवढंच. चार मिनिटांत मी हयात झालो. माझ्या खात्यात असला मुलगा असता, तर मी त्याची वेतनवाढ रोखली असती.

दिवाळी होऊन गेल्यावर कर्जवाल्यांचं पत्र आलं. ‘सदर कर्ज आपले नसल्याचे आढळून आले आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ पत्रात माझ्या नावाच्या शेवटी दोन ‘ए’ होते. मी हरकत घेतली नाही. सिबिल सातशे ऐंशीवर गेला. हिने त्याचा आकडा फोनवर बहिणीला सांगितला, लेकीचे दहावीचे मार्क सांगितले होते त्या आवाजात.

आम्ही पुन्हा त्याच दुकानात. तोच मुलगा. पॅन घातला आणि उजळलेल्या तोंडाने म्हणाला, “बसतंय काका! आधारची एक झेरॉक्स द्या फक्त.”

या प्रसंगाची मी सहा महिने वाट पाहत होतो. खिशातून तयार झेरॉक्स काढली. तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, लाल शाईत, माझ्या सुवाच्य कचेरी अक्षरात लिहिलेलं होतं: ‘प्रस्तुत छायाप्रत केवळ एक नग फ्रीज खरेदीकामी दिली असे, अन्य कोणत्याही कारणास्तव वापरल्यास ती रद्दबातल समजावी.’ खाली सही, तारीख, वेळ. वर आडव्या दोन रेघा.

मुलाने ती उजेडाकडे धरली, उलटी केली. “काका, यात तुमचं नावच वाचता येत नाही.”

“तेच पाहिजे होतं.”

“पण मग सिस्टिम घेणार नाही. कोरी आणा ना एक.”

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे उठलो. कोपऱ्यावर गेलो, कार्ड दिलं, झेरॉक्स घेतली, दोन रुपये दिले, वळून मोजून पन्नास पावलं चाललो असेन. मागून झेरॉक्सवाल्याची हाक आली.

“काका, ओ काका! तुम्ही मशीनमध्येच राहिलात!”